उन्हात दिसेल का?

रविवारी दुपारी मी मटार सोलत बसले होते आणि समोर सोफ्यावर माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र अजून बाजारात न आलेल्या एका लॅपटॉपबद्दल बोलत होते. ॲपलचा पुढचा मॅकबुक प्रो. पडदा ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा, येणार म्हणतात, पहिल्यांदाच त्याला बोट लावून काम करता येणार म्हणतात, वरची कॅमेऱ्याची काळी खाच जाऊन तिथे बारीकसं छिद्र राहणार, अंग आणखी पातळ होणार. एकाचं म्हणणं होतं, पातळ केला की तापणार. दुसरा म्हणाला, उभ्या पडद्याला सारखं बोट लावलं की हात दुखतो, हे २०१० साली ॲपलचे खुद्द स्टीव्ह जॉब्ज सांगून गेले होते, मग आता हात दुखायचा थांबला का? माझा मुलगा दोन्ही तळवे जोडून हळूहळू उघडत बिजागरी कशी असावी ते दाखवत होता. बोट लागलं तरी पडदा मागे डुलता कामा नये. त्याचा चेहरा इतका रंगला होता की मलाही बोलावंसं वाटलं. मी विचारलं, “आणि उन्हात दिसेल का रे त्याच्यावर?” तिघंही क्षणभर थांबले. मग मुलगा अगदी सरळ मनाने म्हणाला, “उन्हात कोण लॅपटॉप वापरतं, आई?”

त्यात लागण्यासारखं काही नव्हतं. तरी ते वाक्य दोन दिवस माझ्या मागे मागे फिरत राहिलं.

कारण हा प्रश्न मुळात माझा नाही, अण्णांचा, माझ्या वडिलांचा आहे. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांची शेवटची शाळा नेरळच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीत होती. मंगलोरी कौलांची एक खोली, दोन खिडक्या, आणि अंगणात चिंचेचं जुनं झाड. पावसाळ्यात आत इतका काळोख व्हायचा की मुलांना फळ्यावरची अक्षरं ओळखता येत नसत, म्हणून अण्णा त्यांना दाराच्या तोंडाशी दाटीवाटीने बसवायचे. दिवाळीनंतर शाळा बाहेर यायची. चिंचेखाली सतरंजी, झाडाला टेकवलेला फळा, आणि सावली सरकेल तशी सतरंजी सरकवायची. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा मुलांचं हे सरकणं मला खेळासारखं वाटायचं. वीज होती, म्हणजे मीटर होता. भारनियमनाच्या त्या वर्षांत ती कधी यायची आणि कधी जायची, याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असे आणि वीज ते पाळत नसे. तेव्हा अण्णांच्या लेखी शिकणं म्हणजे बाहेर, उजेडात बसून करायची गोष्ट होती. पुस्तक उन्हात दिसतं, पाटी उन्हात दिसते. मग उद्या जे काही येईल तेही उन्हात दिसायला हवं, यापेक्षा साधी अट दुसरी कुठली असणार?

ते निवृत्त झाले आणि वर्षभरातच गरीब देशांतल्या शाळकरी मुलांसाठीच्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपची बातमी आली. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी २००५ च्या जानेवारीत दावोसला ती कल्पना मांडली होती. नोव्हेंबरात ट्युनिसच्या परिषदेत नमुना दाखवला, आणि त्याचा फोटो आमच्याकडे पेपरात आला. हिरवं अंग आणि बाजूला पिवळ्या रंगाची फिरवायची मूठ. वीज नसली तर मूठ फिरवा आणि चालवा. अण्णांनी ते कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मूठ त्यांना फार आवडली, पण तिच्याकडे पाहताच ते म्हणाले होते, “ही इथे टिकायची नाही. जात्याचा सगळा जोर खुंट्यावर येतो, म्हणून खुंटा दगडात ठोकून बसवतात. प्लास्टिकच्या अंगात खुंटा ठोकला तर अंगच उलेल.” मला तेव्हा ते एका म्हाताऱ्या मास्तरांचं बोलणं वाटलं. त्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासमोरच ती मूठ निखळून हातात आली होती, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. पुढे अभियंत्यांनी ती यंत्रावरून काढूनच टाकली. फिरवण्याचा ताण लॅपटॉपच्या अंगाला सोसणार नाही, हेच त्याचं कारण होतं.

त्यानंतरची दोन वर्षं अण्णा त्या यंत्राची वाट बघत होते. नुसती वाट बघणं त्यांच्या स्वभावात नाही, ते कामाला लागले. मी ठाण्याला नोकरीला होते आणि ऑफिसात इंटरनेट होतं. नवीन काही कळलं की रात्री फोनवर त्यांना सांगायचे आणि ते लिहून घ्यायचे. पडदा कर्णावर साडेसात इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर रुंद आणि ११४ उंच, असं मी एकदा सांगितलं. पुढच्या शनिवारी घरी गेले तर त्यांनी भावाच्या लग्नपत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा त्याच मापाचा कापून ठेवला होता. त्यावर पेन्सिलीने तिसरीच्या बालभारतीएवढ्या अक्षरात ओळी लिहून पाहिल्या होत्या. अकरा बसल्या. “कवितेला पुरेल,” ते म्हणाले, “धड्याला पान उलटावं लागेल.” मग वजनाचा प्रश्न आला. दीड किलोच्या आसपास, मी सांगितलं. त्यांनी आईच्या डब्यातून दीड किलो तूरडाळ तागडीत तोलून कापडी पिशवीत भरली, पुठ्ठ्याला पुठ्ठे बांधून त्याला जाडी दिली, आणि दोन्ही वस्तू शेजारच्या तिसरीतल्या मुलीच्या दप्तरात घालून तिला देवळापर्यंतचा चढ चढायला लावला. वरून ती धावतच खाली आली. जड नाही म्हणाली, पण कोपरा पाठीला लागतो म्हणाली. अण्णांनी कात्री घेऊन पुठ्ठ्याचे चारही कोपरे गोल केले.

खऱ्या यंत्राचे फोटो आले तेव्हा त्याचे कोपरे गोल होते. वर उचलायला हातात मावेल अशी मूठ होती आणि दोन्ही बाजूंना सशाच्या कानांसारखे हिरवे अँटेना. कान मिटले की तेच यूएसबीच्या खाचा झाकायचे, धूळ आत जायची नाही. डिझायनर ईव्ह बेहार. त्यांचं नाव अण्णांना सांगितल्यावर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि शेजारी त्या मुलीचंही लिहिलं.

पण त्यांचा जीव अडकला होता तो पडद्यात. त्यांचा पहिला प्रश्न तोच आणि शेवटचाही तोच. मी शोधत राहिले आणि एक दिवस उत्तर सापडलं. मेरी लू जेप्सन या तंत्रज्ञ बाईंनी असा पडदा घडवला होता की आतला दिवा लावला तर रंगीत दिसेल, आणि दिवा बंद करून उन्हात नेला तर बाहेरचाच प्रकाश आतून परतून काळी-पांढरी अक्षरं आणखी ठळक होतील. ऊन जितकं जास्त, तितकं वाचायला सोपं, आणि दिवा बंद म्हणून बॅटरीही वाचते. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग अण्णा म्हणाले, “म्हणजे सूर्यालाच दिवा केला बाईने.” त्यांच्या आवाजातलं ते समाधान अजून माझ्या कानात आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, सगळी साधनं हाताशी असलेल्या प्रयोगशाळेत बसून, कुणीतरी चिंचेखाली सरकणाऱ्या सतरंजीचा विचार केला होता. नकळत केला असेल, पण केला होता.

कीबोर्ड अखंड रबराचा होता, धूळ आणि पाणी आत शिरू नये म्हणून. पंखा नाही, आत फिरणारी तबकडी नाही, म्हणजे आपटलं तरी तुटायला कमी. त्याचा देवनागरी कीबोर्डही निघाला. हिरव्या रबरावर क, ख, ग छापलेला फोटो मी प्रिंट काढून नेला तेव्हा अण्णांनी चष्मा लावून आधी ळ शोधला. मी हसले नाही. इन्स्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीने, टाइप करायला मी त्याच सुमारास शिकले होते. ळ एनच्या कळीवर ल च्या डोक्यावर बसलेला असतो आणि शिफ्ट दाबल्याशिवाय येत नाही, हे मला सवयीने कळलं होतं, कारण माझ्या कीबोर्डवर तो छापलेला नव्हताच. आजही नाही. मी बाजारातून देवनागरीचे स्टिकर आणते, एकेक कळीवर बसवते. पाच-सहा महिन्यांत अक्षरं झिजतात, सर्वांत आधी आ चा काना जातो. पुढच्या लॅपटॉपबद्दलच्या इतक्या चर्चा कानावर पडतात, पण कळांवर मराठी असेल का, असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीसुद्धा त्या दुपारी उन्हाचं विचारलं, ळ चं विचारायचं राहून गेलं.

२००७ च्या अखेरीस ते यंत्र खरोखर तयार झालं. किंमत शंभर डॉलर राहिली नव्हती, दोनशेच्या जवळ गेली होती. आपल्या केंद्र सरकारने आदल्याच वर्षी त्याला नकार दिला होता. आणि तरीही ते भारतात जिथे पहिल्यांदा आलं ती जागा दिल्ली नव्हती, बंगळूरही नव्हती. कर्जतजवळचं खैराट. एका खोलीची, एका शिक्षकाची शाळा. बातमी वाचून मी अण्णांना फोन केला, तर त्यांनी ती सकाळीच वाचली होती. आमच्या घरापासून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं ते जवळ होतं. जाऊ, ते म्हणाले. पण त्या हिवाळ्यात आई आजारी होती, मग उन्हाळा आला, आणि ते राहिलंच. खूप वर्षांनी मी विचारलं तेव्हा म्हणाले, आईचं कारण खरं होतंच, पण मनात दुसरंही काही होतं. “दुसऱ्याच्या वर्गात जाऊन कोपऱ्यात उभं राहायचं. मुलं त्या पडद्यावर वाकलेली असणार आणि माझी मुलं मला सोडून गेलेली. जमलं नसतं गं.” इतका आनंद आणि इतकी हुरहूर एकाच गोष्टीची असू शकते, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

त्यांनी खरी वाट पाहिली ती त्याच्या पुढच्या रूपाची. २००८ च्या मे महिन्यात त्याचं चित्र दाखवलं गेलं होतं. कीबोर्डच नाही, दोन पडदे शेजारी शेजारी, पुस्तकासारखा उघडणारा. पंचाहत्तर डॉलर, २०१० पर्यंत. अण्णांनी लगेच पुठ्ठ्याचे दोन तुकडे आईच्या जुन्या साडीच्या काठाने जोडले. डाव्या पानावर धडा, उजव्या पानावर पाटी. मूल वाचेल तिकडे आणि गिरवेल इकडे. दोन मुलं समोरासमोर बसून मध्ये सपाट ठेवतील तर एकाच्या पानावर गणित, दुसऱ्याच्या पानावर उत्तर. दोन इयत्ता एकत्र बसणाऱ्या जोडवर्गासाठी तर, ते म्हणायचे, देवाने धाडलंय. त्या काठाच्या बिजागरीवर तो पुठ्ठा त्यांनी कितीदा उघडला-मिटला असेल, त्याची जर सुटून आली होती. ते यंत्र कधीच निघालं नाही. आधी पुढे ढकललं, मग सोडून दिलं. अण्णांनी मला बराच काळ विचारलं, त्या पुस्तकाचं काय झालं, आणि मी काहीतरी सांगत राहिले.

मधल्या काळात आपल्याकडेही गाजावाजा झाला. पाचशे रुपयांत लॅपटॉप येणार म्हणून २००९ च्या फेब्रुवारीत तिरुपतीला काहीतरी दाखवलं, ते लॅपटॉप नव्हतंच. मग २०११ मध्ये आकाश टॅबलेट आला, सात इंची, बोट जोरात दाबावं लागायचं आणि बॅटरी दोन-तीन तासांत संपायची. अण्णांनी त्याचा पुठ्ठा कापला नाही.

आणि २०१२ मध्ये पेरू या देशाचा अहवाल आला. तिथल्या सरकारने ती हिरवी यंत्रं लाखोंनी घेतली होती. तपासणीत निघालं की मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला नाही. मला हे अण्णांना सांगायचं नव्हतं, पण लपवणंही बरं वाटेना. ते शांतपणे म्हणाले, “पाटीने तरी कुठे गणित येतं? पाटी कुणीतरी पुसायला लावावी लागते.” मग थोड्या वेळाने, जरा तीव्र होऊन, “पण म्हणून पाटी फुटकी द्यायची का?” त्या यंत्रावर टीका करणारे चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. शिक्षकाला बाजूला ठेवून मुलाच्या हातात यंत्र दिलं की ते आपलं आपण शिकेल, हा विश्वास भोळा होता आणि त्याची किंमत गरीब देशांनी मोजली. पण त्या भोळेपणाच्या पोटात एक फार चांगला प्रश्न होता. हे यंत्र वापरणारा माणूस कुठे बसतो? त्याच्या डोक्यावर छप्पर आहे का? त्याच्याकडे वीज आहे का? त्याची पाठ केवढी आहे? प्रकल्प बुडाला तसा हा प्रश्नही बुडाला, याचं मला वाईट वाटतं.

दोन दिवसांनी रात्री भांडी आवरताना मी मुलाला हे सगळं सांगितलं. तूरडाळ, पुठ्ठा, साडीचा काठ, सगळं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या जन्माच्या आगेमागे घडलेली गोष्ट, आणि मी कधी सांगितलीच नव्हती. तो ऐकताना फोनवर शोधत होता. मला वाटलं त्याला ४३३ मेगाहर्ट्‌झ आणि २५६ एमबी हे वेगाचे आणि मेमरीचे किरकोळ आकडे बघून हसू येईल. पण तो एकदम म्हणाला, “आई, दोनशे डीपीआय! एका इंचात दोनशे ठिपके! २००७ मध्ये! मॅकबुकला रेटिना, म्हणजे इतक्या बारीक ठिपक्यांचा पडदा २०१२ मध्ये आला.” मग मान वर न करता वाचतच राहिला. त्याने मला त्याच्या बाजूची एक गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये पातळ करायच्या नादात मॅकबुक प्रोवरून चुंबकाने चिकटणारं चार्जिंग काढलं, टीव्हीला जोडायची एचडीएमआयची खाच काढली, कार्डाची खाच काढली. लोक पाच वर्षं कुरकुरत राहिले आणि २०२१ मध्ये अंग पुन्हा थोडं जाड करून तिन्ही गोष्टी परत दिल्या. “म्हणजे आम्ही जे अंदाज बांधत बसतो ना, ते नुसते अंदाज नसतात. आम्ही मागत असतो.” हे मला पटलं. तोही तळव्यांची बिजागरी करून मागतच होता. अण्णा जे पुठ्ठ्याने करायचे तेच हा हातांनी करत होता, आणि मी मटार सोलता सोलता त्यात खोट काढत बसले होते.

मग त्याने स्वतःहून उन्हाचं काढलं. २०२४ च्या मॅकबुक प्रोमध्ये बाहेरच्या उजेडात पडदा एक हजार निट्सपर्यंत उजळतो (निट हे उजळपणाचं माप), कंपनीने तसं जाहीरच केलंय. म्हणजे ऊन अगदीच हद्दपार झालेलं नाही. मी विचारलं, हजार म्हणजे किती? तो कागद-पेन घेऊन बसला. बाराच्या उन्हात साधा पांढरा कागद किती चकाकतो, याचं गणित त्याने मांडलं. उत्तर आलं पंचवीस-तीस हजार निट्स. त्याने ते पुन्हा मांडलं, तेवढंच आलं. दिवा उजळवत उजळवत सूर्याशी स्पर्धा करायची, आणि तरी हातातला कागद पंचवीस पटीने पुढे. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. हातात पेन तसंच होतं. “त्या बाईंनी स्पर्धाच केली नाही,” तो म्हणाला.

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, लवकर झोपतात, तरी त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तब्येतीची विचारपूस झाली, जेवण झालं का, तेही विचारून झालं. मग त्याने सरळ विचारलं, “आजोबा, हजार निट्सचा पडदा असेल तर उन्हात दिसेल का हो?” निट्स म्हणजे काय ते अण्णांनी विचारलं नाही. थोडं खोकले. मग त्यांचा जुना, वर्गातला आवाज आला.

“कुठलं ऊन? मार्गशीर्षातलं सकाळचं, की चैत्रातलं बाराचं?”

मुलाने माझ्याकडे बघितलं. तो काही बोलायच्या आत अण्णाच पुढे म्हणाले, “आणि बसणार कुठे? मैदानात की झाडाखाली?”

“झाडाखाली,” मुलगा म्हणाला. त्याने मघाचाच कागद उलटा करून घेतला होता.

“कुठल्या झाडाखाली ते सांग. आंब्याची सावली दाट, तिथे तुझा हजाराचा पडदा चालेल कदाचित. चिंचेचं पान बारीक. चिंचेखाली बसलास की कवडसे पडतात, आणि वारा आला की ते अक्षरांवरून पळतात. लिहून घेतोयस ना?”